‘यहाँ तो पानी आता है’: देहरादूनच्या प्लॉटमध्ये बुडालेले २४,६३,६७० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. चोवीस लाख त्रेसष्ट हजार सहाशे सत्तर. यात रेल्वेची तिकिटं, हॉटेल, वकिलाची फी आणि आमच्या यांच्या वाढलेल्या बीपीच्या गोळ्या धरलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट. मी इंदूरला वीज खात्यात एकतीस वर्षं अकाउंट्सला होते. अकरा रुपयांचा फरक सापडेना म्हणून मार्च अखेरीला रात्री आठपर्यंत टेबलाशी बसलेली बाई आहे मी. तेव्हा ‘एवढी शिकलेली असून’ हे वाक्य कोणी सुरू करू नये. ते माझ्या जाऊबाईंनी दिवाळीच्या फराळाबरोबर वाढून झालं आहे.

देहरादूनच का, हे सगळेच विचारतात. हे कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला तिकडे गेले होते. तेव्हापासून ‘खिडकी उघडली की डोंगर’ हे त्यांचं पालुपद. चाळीस वर्षं सुदामा नगरच्या खिडकीतून समोरच्यांची पाण्याची टाकी बघितल्यावर माणसाला डोंगर हवासा वाटला तर त्यात गुन्हा काय? गंमत अशी की देहरादून समुद्रसपाटीपासून साधारण ६४० मीटरवर आणि आपलं इंदूर साडेपाचशेवर. फरक जेमतेम नव्वद मीटरचा. उन्हाळ्यात तिथेही पारा चाळिशी ओलांडतो. वर मसूरी दिसते म्हणून खाली गारवा असतो असं नाही. दून म्हणजेच मुळी दोन डोंगरांमधलं खोरं, उत्तरेला हिमालय आणि दक्षिणेला शिवालिक. हे सगळं मी प्लॉट घेतल्यानंतर वाचलं.

माणूस कुठून आला? जिथून नेहमी येतो तिथूनच, म्हणजे ओळखीतून. माझ्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा भाचा. इंदूरचाच, आपल्यातलाच, दहा-बारा वर्षांपासून देहरादूनला ‘प्रॉपर्टीचं काम’ करणारा. जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मावशीला सोडायला आला आणि यांच्याशी बोलत बसला. पुढच्या वेळी येताना पाच किलो देहरादूनचा बासमती घेऊन आला. मला पहिल्यापासून ‘मावशी’ म्हणायचा, यांना ‘काका’. वाकून नमस्कार. परक्या मुलखात मराठी बोलणारा माणूस भेटला की आपण त्याचे कागद बघत नाही, आडनाव बघतो. मीही तेच केलं.

त्याने भीती मात्र खरी घातली, हे कबूल करायला हवं. उत्तराखंडात बाहेरच्या माणसाला महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीबाहेर घरासाठी २५० चौरस मीटरच्या वर जमीन घेता येत नाही, हे खरंच आहे. तिथे कडक भू-कायद्याची मागणी जोरात होती, डिसेंबर २०२३ मध्ये देहरादूनला त्यासाठी मोठी रॅली निघाली होती, हेही खरं. ‘‘मावशी, वर्षभरात दार बंद होणार बघा. आत्ता घेतलं त्यांचं झालं.’’ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विधानसभेत कायदा झालाच. हरिद्वार आणि ऊधमसिंह नगर सोडून बाकी अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि बागायतीची जमीन घ्यायला बंदी. त्या दिवशी त्याचा फोन आला होता, ‘‘काका, म्हटलं नव्हतं मी?’’ आम्ही त्या रात्री श्रीखंड आणलं होतं. श्रीखंड!

मे २०२४ मध्ये जागा बघायला गेलो. इंदूरहून गाडीने हरिद्वार, पुढे बस. देहरादूनजवळच्याच रायपूरच्या पुढे, मालदेवताच्या अलीकडे, मुख्य रस्त्यावरून आत वळल्यावर एक सपाट मैदान. चुन्याच्या रेघा मारून बावीस प्लॉट पाडलेले, लोखंडी कमान, कमानीवर कॉलनीचं नाव. समोर खरोखरच डोंगर. हे तर गप्पच झाले. आमचा प्लॉट १२० गजांचा, म्हणजे शंभर चौरस मीटर, दर १८,५०० रुपये गज.

आता जे सांगते ते लिहिताना अजूनही अंगाची आग होते.

आम्ही उभे होतो तिथून एक म्हातारी चालली होती. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला दराती खोचलेली, पायात रबरी चप्पल. आम्हाला बघून थांबली. भारा एका हाताने सावरत विचारलं, ‘‘मकान बनाओगे यहाँ?’’ मी कौतुकाने हो म्हटलं. तिने आमच्याकडे पाहिलं, मग त्या मैदानाच्या वरच्या अंगाला पाहिलं आणि म्हणाली, ‘‘यहाँ तो पानी आता है।’’

आणि मी खूश झाले!

इंदूरचे असाल तर तुम्हाला कळेल. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. आयुष्यभर टाकी, मोटर, ‘आज आपला दिवस आहे का’ यातच सकाळ गेली. त्यामुळे ‘पानी आता है’ या तीन शब्दांचा माझ्या डोक्यात एकच अर्थ, नळ येतो. मी तिला विचारलंसुद्धा, ‘‘रोज आता है?’’ ती जरा गोंधळली. म्हणाली, ‘‘रोज नहीं, बरसात में।’’ तेवढ्यात हा भाचा हसत मध्ये पडला, ‘‘अम्मा बोल रही है की बरसात में प्रेशर अच्छा रहता है।’’ म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, काही बोलली नाही, भारा नीट केला आणि गेली. मी यांना म्हटलं, ‘‘बघा, पाण्याचाही प्रश्न नाही.’’

खोटं बोलणाऱ्यांच्या त्या गर्दीत एक बाई खरं बोलली, फुकट बोलली, आणि मी तिचं वाक्य नळाला जोडलं.

पायाखाली काय होतं तेही सांगते. गोटे. गोल, गुळगुळीत, पांढुरके गोटे, अख्ख्या मैदानात. मला ते इतके आवडले की एक छानसा उचलून पर्समध्ये टाकला आणि घरी आणून तुळशीच्या कुंडीत ठेवला. दगड गोल कुठे होतो? नदीत होतो, दुसरीकडे कुठे होणार? नर्मदेचे गोटे देवघरात पूजणाऱ्या घरातली मी, माझ्या हातात पुरावा होता आणि मी तो तुळशीला वाहिला. एका कडेला तारेच्या जाळीत दगड भरून बांधलेली भिंत होती. तिकडे पुश्ता म्हणतात त्याला, पाण्याने काठ खचू नये म्हणून बांधतात. मी विचारलं हे काय, तर म्हणे ‘‘नॅचरल लुक देतात मावशी, आजकाल फॅशन आहे.’’

त्याच जागी यांनी फोनवरून ५१,००० टोकन पाठवलं. ते गेलं त्या पोराच्या बायकोच्या नावावर. ‘‘माझी लिमिट संपली आजची.’’ इथेही घंटा वाजायला हवी होती. २७ मे रोजी बयाना ५,००,०००, तोही कुठल्याशा एंटरप्रायझेसच्या खात्यात. उरलेल्यातले १२,००,००० रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेतून. आणि ४,६९,००० रोख.

हो, रोख दिले. शिव्या द्यायच्या त्या देऊन घ्या. जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण ‘तिकडे सगळे असंच करतात’ हे वाक्य ज्याने कधीच ऐकून मान डोलावली नाही, त्यानेच पहिला दगड मारावा. (गोल गोटा चालेल.) त्या रोखीत १,३८,००० माझ्या सासऱ्यांचे होते. आमच्याकडच्या ज्या बंद गिरणीच्या कामगारांना बत्तीस वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये थकबाकी मिळाली, त्यातले ते. सासरे तोवर राहिले नाहीत. बत्तीस वर्षं अडकलेले पैसे आमच्या हातात सहा महिनेसुद्धा टिकले नाहीत.

आणि आता त्या पोराची हुशारी ऐका. घंटाघराजवळच्या हॉटेलच्या खोलीत पलंगावर टॉवेल अंथरून आम्ही नोटा मोजल्या. पाचशेच्या ९३८. मी दोनदा मोजल्या होत्या. त्याने मोजल्या, थांबला, पुन्हा मोजल्या आणि एक नोट काढून माझ्या हातात ठेवली. ‘‘मावशी, ९३९ आहेत. एक जास्त आलीय.’’ माझी चूक असेल की त्याने स्वतःच्या खिशातली घातली असेल, देव जाणे. पण मी इंदूरला परतल्यावर ही गोष्ट निदान दहा जणींना सांगितली. ‘असा मुलगा शोधून सापडायचा नाही.’ पाचशे रुपयांत त्याने आमची अक्कल विकत घेतली.

रजिस्ट्री १४ जून २०२४ ला झाली, माझ्या नावावर. तिकडे बाईच्या नावावर घेतलं तर २५ लाखांपर्यंत स्टॅम्प ड्युटीत पाव हिस्सा सूट आहे, पाच टक्क्यांऐवजी पावणेचार. स्टॅम्प ६५,६७०, नोंदणी फी २५,०००. वाचवले साधारण बावीस हजार, त्याचा केवढा आनंद! दस्तात चौहद्दी लिहिली होती. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला दुसऱ्याची जमीन, दक्षिणेला ‘खाला’. मी विचारलं, खाला म्हणजे? उर्दूत खाला म्हणजे मावशी. तो म्हणाला, ‘‘बघा, शेजारी पण मावशीच आहे!’’ दस्तलेखक हसला, साक्षीदार हसले, मीही हसले. देहरादूनकडे खाला म्हणजे पावसाळी ओढा. एरवी कोरडा दिसतो आणि एका रात्रीत पुलासकट वाहून नेतो. माझ्याच विक्रीखतात, माझ्याच सहीच्या वरती, लिहिलेलं होतं.

विकणारा समोर नव्हता. मुख्तारनामा, म्हणजे मुखत्यारपत्र, घेऊन दुसराच माणूस होता. वकील त्यांनीच दिलेला. आपल्या वकिलाचे पाच हजार वाचवले म्हणून हे खुशीत होते. दोघांनी मिळून काय काय वाचवलं त्याची यादी केली तर हसाल.

पुढचं थोडक्यात. ‘दाखिल-खारिज’, म्हणजे आपल्याकडचं नामांतरण, त्यासाठी १८,००० रोख घेतले. ‘‘फाइल चालू आहे’’ असं पंधरा महिने चाललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुंपणभिंत आणि गेट, १,३५,०००. त्याचे फोटो आले, गेटला निळा रंग, मी निवडलेला.

१६ सप्टेंबर २०२५. सकाळी टीव्ही लावला तर देहरादून. रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. सहस्रधाराचा बाजार, टपकेश्वरचं मंदिर, मालदेवताचा रस्ता, सगळीकडे मातकट पाणी. याच भागात ऑगस्ट २०२२ मध्येही सोंग नदीने असाच धुमाकूळ घातला होता, पूल तुटला होता. म्हणजे आम्ही जागा बघितली त्याच्या दोनच वर्षं आधी! यांनी भाच्याला फोन लावला. बंद. अठरा वेळा लावला. बंद.

ऑक्टोबरमध्ये गेलो. कमान नव्हती. चुन्याच्या रेघा तर नव्हत्याच. आमच्या भिंतीचा एक कोपरा उभा होता आणि निळं गेट बिजागरीसकट आडवं पडून अर्धं गोट्यांखाली गेलं होतं. तसेच गोल, पांढरे, सुंदर गोटे. नवे आले होते.

तहसिलीत गेल्यावर दोन दिवसांत सगळं समजलं, जे पैसे देण्याआधी अर्ध्या तासात समजलं असतं. आम्हाला दाखवलेली जमीन कागदावर ‘नदी’. आमच्या दस्तात चौहद्दी त्या जागेची, पण खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, चांगला दीड किलोमीटर लांबचा. तो खसरा ‘गोल खात्या’तला. म्हणजे चौदा हिस्सेदार, वाटणी झालेली नाही, कोणाचा तुकडा कुठला हे कोणालाच माहीत नाही. आणि ज्या हिस्सेदाराच्या मुख्तारने आम्हाला विकलं, त्याचा हिस्सा २०२१ पर्यंतच विकून संपला होता. थोडक्यात, कागदावर जी जमीन घेतली ती विकणाऱ्याकडे शिल्लक नव्हती, आणि डोळ्यांनी जी बघितली ती नदीची होती. दाखिल-खारिजवर आक्षेप जुलै २०२४ मध्येच आला होता. आम्हाला कळवलं नाही, कारण अर्जावर मोबाइल नंबर त्या पोराचा.

तिथे विचारलं, मग रजिस्ट्री झालीच कशी? बायोमेट्रिक घेता, फोटो काढता, फी घेता! उत्तर आलं, ‘‘मैडम, हम दस्तावेज रजिस्टर करते हैं, मालिकाना हक नहीं जाँचते।’’ कायद्याने ते बरोबरच आहे, हे मला नंतर कळलं. रजिस्ट्री झाली म्हणजे जमीन आपली झाली असं नसतं. विकणाऱ्याकडे जे असेल तेच आपल्याकडे येतं. त्याच्याकडे शून्य, तर स्टॅम्प लावून शून्य. आणि लक्षात घ्या, याच शहरात २०२३ साली नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांतच फेरफार करून जमिनी लाटल्याचं प्रकरण उघडकीला आलं, त्याला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, बसवावं लागलं. पेपरात आलेलं होतं. आम्ही मात्र पेपरात पाचगणी-महाबळेश्वरचे टूर बघत होतो.

आता पोलीस. आधी इंदूरच्या ठाण्यात गेलो. ‘‘जमीन वहाँ की है, वहीं जाइए।’’ मी म्हटलं, नवीन कायद्यात झिरो एफआयआर कुठेही घेता येते, हद्दीचं कारण सांगता येत नाही. साहेबांनी पंख्याकडे बघितलं. देहरादूनच्या ठाण्यात गेलो तर ‘‘ये तो दीवानी मामला है।’’ चार वेळा गेले. एकदा साहेब व्हीआयपी ड्युटीवर, एकदा चारधामच्या बंदोबस्तात, एकदा जेवायला गेले ते संध्याकाळपर्यंत जेवतच होते. चौथ्या वेळी भेटले, तर दोघांमध्ये वाद सुरू झाला. व्यवहार जून २०२४ चा, म्हणून फसवणुकीचं जुनं कलम ४२० लागणार, की तक्रार आत्ताची म्हणून नवीन संहितेतलं ३१८? पाऊण तास! अहो, नवीन कायदा १ जुलै २०२४ पासून लागू, गुन्हा त्याच्या आधीचा, म्हणजे ४२०. हे वीज खात्यातल्या रिटायर्ड बाईला कळतं! शेवटी अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर म्हणे, ‘‘विश्वास नहीं है क्या?’’ नाही. आता कोणावरच नाही. मी खुर्ची सोडली नाही, शिक्का घेऊनच उठले. तुम्हीही शिक्क्याशिवाय कुठूनही उठू नका.

वर हेही ऐकवलं, ‘‘चार लाख उनहत्तर हजार कैश का सबूत?’’ आणि ‘‘आप लोग नदी में प्लॉट लेते ही क्यों हैं?’’ एका ठिकाणी तर शिपायाने हळूच विचारलं, प्लॉट दुसऱ्या कोणाला काढून द्यायचा आहे का, त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे! हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तीन आठवड्यांनी मेसेज आला, ‘आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है।’ काय निराकरण? नदी हटवली?

भाचा आता इंदूरलाच आहे. त्याचं म्हणणं, ‘मी फक्त ओळख करून दिली, मीही फसलो.’ आणि खरंच, एकाही कागदावर त्याचं नाव नाही. साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. ५१,००० बायकोच्या खात्यात का गेले, तर ‘उसने घेतलेले पैसे परत केले’. मैत्रीण म्हणाली, ‘‘माझ्या भाच्याला चोर म्हणतेस?’’ मी भिशी सोडली. माझी भिशीही त्याच महिन्यात लागणार होती, ती वेगळीच गोष्ट.

जे घ्यायला निघाले आहेत त्यांनी डोंगराकडची जागा मेमध्ये बघू नये. श्रावणात बघावी, पाऊस पडत असताना, छत्री घेऊन. खतौनी, म्हणजे जमिनीच्या हक्काचा उतारा, उत्तराखंडच्या भूलेखच्या साइटवर घरबसल्या दिसते, त्यात ‘नदी’, ‘जलमग्न’ किंवा चौदा जणांची नावं दिसली तर बासमती परत करा. खसरा नंबर जमिनीवर कुठे येतो हे लेखपालाकडून, म्हणजे तिकडच्या तलाठ्याकडून, मोजून घ्या, दलालाच्या बोटावरून नको. आपल्याकडचं डायव्हर्शन, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करणं, ते तिकडे ‘१४३’, त्याचा आदेश बघायला मागा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेचे प्लॉट पाडले असतील तर रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर हवाच. आमच्याकडे तर बावीस प्लॉट होते आणि मी विचारलंसुद्धा नाही, लेकीने फोनवर दोनदा सांगूनही. मुख्तारनामा दिसला की मूळ मालकाला भेटा. वकील स्वतःचा. अर्जावर मोबाइल नंबर स्वतःचा. आणि गावातलं माणूस काही बोललं तर दलालाला बाजूला पाठवून त्याचं बोलणं पूर्ण ऐका.

आमच्यासारखे आणखी चौघे सापडले आहेत. एक नागपूरचे निवृत्त मास्तर, एक दिल्लीची नर्स, दोघे मेरठकडचे. पाचही दस्तांत खसरा नंबर एकच आहे. वकील म्हणतात, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायला हवा, आणि पाच जण एकत्र आले तर तक्रार ‘दीवानी’ म्हणून उडवणं जड जाईल. बावीसातले बाकी सतरा कोण आहेत ते कळत नाही. ज्यांनी २०२४ च्या आसपास मालदेवताच्या वाटेवर १२० गजांचा प्लॉट घेतला आणि दस्तात दक्षिणेला ‘खाला’ लिहिलं आहे, त्यांनी आजच दस्त काढून खसरा नंबर खतौनीशी ताडून बघा.

पुढची तारीख १८ ची आहे. हरिद्वारपर्यंतची तिकिटं अजून वेटिंगवर आहेत, ३४ आणि ३५.